लॅपटॉपवर चालणारे सॉफ्टवेअर मोंढ्यातल्या दुकानात का अडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी तुम्ही सी शार्प ही भाषा आणि विंडोजचे पडदे बनवणारे विनफॉर्म्स वापरून शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या करण्याचे सॉफ्टवेअर लिहिले आणि माहिती ॲक्सेस या डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवली. उन्हाळ्यात सगळे व्यवस्थित चालले, पण सोयाबीनची आवक वाढताच तक्रारी सुरू झाल्या. दुकानात नव्याने आणलेल्या संगणकावर ते उघडतच नाही, ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ असा संदेश येतो. जुन्या संगणकावर ते उघडते, पण सायंकाळच्या सुमारास ‘एरर क्रिएटिंग विंडो हँडल’ असा संदेश देऊन बंद पडते. काही पट्ट्यांच्या तारखा भलत्याच महिन्यात जाऊन बसल्या आहेत. महिन्याचा अहवाल काढताना खिडकी पांढरी पडते आणि मुनीमजी कंटाळून ती बंद करतात. तुमच्या लॅपटॉपवर यातले काहीच घडत नाही, म्हणून हे सगळे बाजूला ठेवून वेबवर नव्याने लिहावे का, असे तुम्ही विचारले आहे.

हंगाम संपेपर्यंत काहीही नव्याने लिहू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नांदेडला २२ वर्षांपासून आडत दुकाने, जिनिंग आणि डाळमिल यांच्यासाठी अशीच सॉफ्टवेअर लिहितो आहे, आणि तुम्ही वर्णन केलेला प्रत्येक दोष कधी ना कधी माझ्या हातूनही झाला आहे. हे वेगवेगळ्या कारणांचे दोष आहेत, ते एकाच आठवड्यात समोर आल्यामुळे सगळे सॉफ्टवेअरच कच्चे आहे असे तुम्हाला वाटू लागले आहे. नव्याने लिहिले तर तारखेचा दोष तुमच्याबरोबर नव्या ठिकाणीही जाईल, कारण तो ॲक्सेसमध्ये किंवा विनफॉर्म्समध्ये नसून तारीख मजकूर म्हणून हाताळण्याच्या सवयीत आहे. खरा प्रश्न असा आहे की तुमचा लॅपटॉप आणि दुकानातील संगणक यांत नेमका कोणता फरक आहे, आणि त्यांतील कोणता फरक कोणत्या तक्रारीला कारण आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मांडतो. दोन्ही संगणक एकच ॲक्सेस फाइल जाळ्यातून (नेटवर्कवरून) वापरणार आहेत की नवा संगणक जुन्याच्या जागी येणार आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. जुन्या संगणकावर विंडोज ७ आहे की १०, तेही लिहिलेले नाही. पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापता की लेझरवर, आणि इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडला आहे का, यावरही पुढचे काही उपाय बदलतील. जिथे असा फरक पडतो तिथे मी तसे सांगत जाईन.

कोणत्याही दुरुस्तीच्या आधी सॉफ्टवेअरला स्वतःची नोंद ठेवायला लावा. तुमच्या प्रश्नातील दोन संदेश मुनीमजींनी फोनवर वाचून दाखवलेले आहेत असे दिसते, आणि वाचून दाखवलेला संदेश बहुधा अर्धवट असतो. सॉफ्टवेअर सुरू होते त्या जागी ‘ॲप्लिकेशन’ वर्गातील ‘थ्रेड एक्सेप्शन’ आणि ‘ॲप डोमेन’मधील ‘अनहँडल्ड एक्सेप्शन’ या दोन्ही घटना पकडा. पहिली घटना पडद्याच्या धाग्यावरील (धागा किंवा थ्रेड म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये समांतर चालणारे एक काम) चुका पकडते, दुसरी इतर धाग्यांवरील, आणि एकच पकडली तर अर्ध्या चुका निसटतात. नोंद लिहिताना केवळ ‘मेसेज’ लिहू नका. पूर्ण एक्सेप्शन (चुकीचा सगळा तपशील) त्याच्या ‘टू स्ट्रिंग’सह लिहा, कारण खरे कारण बऱ्याचदा आतल्या एक्सेप्शनमध्ये असते. प्रत्येक सुरुवातीला एक ओळ अशी लिहा की तिच्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, प्रक्रिया ३२ बिट आहे की ६४ बिट, आणि संगणकाची प्रादेशिक मांडणी (तारीख आणि आकडे लिहिण्याची पद्धत) कोणती, हे असेल. ही एक ओळ मी गेली कित्येक वर्षे प्रत्येक कामात घालतो आणि तिने माझ्या कितीतरी फेऱ्या वाचवल्या आहेत. सॉफ्टवेअरसोबत पीडीबी फाइलही द्या, म्हणजे चूक कोणत्या ओळीवर झाली ते नोंदीत येईल.

ही नोंद ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू नका. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते. त्याहून वाईट म्हणजे मॅनिफेस्ट नसलेल्या जुन्या ३२ बिट सॉफ्टवेअरने तिथे लिहिले तर विंडोज ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये वळवते आणि मग एकाच नावाच्या दोन फाइली तयार होतात. नोंदीसाठी ‘लोकल ॲप डेटा’ आणि सर्वांच्या सामाईक माहितीसाठी ‘प्रोग्राम डेटा’ या जागा आहेत. तुमच्या कोडमध्ये कुठे रिकामा कॅच (चूक पकडून काहीच न करणारा भाग) असेल तर तो आजच शोधून काढा. चूक गिळून टाकणारा कोड तात्पुरता शांत दिसतो, पण हिशोब बिघडल्याचे कळते तेव्हा माग काढायला काहीच उरलेले नसते.

कोडमध्ये नोंद नसतानाच्या काळातील माहितीही पूर्ण हरवलेली नाही. जुन्या संगणकावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ पाहा. तिथे स्रोत ‘डॉट नेट रनटाइम’ आणि क्रमांक १०२६ असलेली नोंद सापडली तर सॉफ्टवेअर बंद पडण्याच्या क्षणी कोड नेमका कुठे होता ते तिच्यात असते.

आता नव्या संगणकाविषयी. ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ हा संदेश वाचून बहुतेक जण तो प्रोव्हायडर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांना जोडणारा घटक, बसवायला धावतात, आणि तो आधीपासून बसवलेला असला तरी संदेश जात नाही म्हणून गोंधळतात. ॲक्सेसची फाइल वाचणारा एसीई प्रोव्हायडर ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन रूपांत येतो, आणि ३२ बिट प्रक्रियेला ६४ बिट प्रोव्हायडर दिसतच नाही. त्याच्या उलटही तितकेच खरे आहे. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये ‘एनी सीपीयू’ निवडलेले असले तरी त्याखाली ‘प्रीफर ३२ बिट’ ही खूण बहुधा असते, त्यामुळे ६४ बिट विंडोजवरही तुमचे सॉफ्टवेअर ३२ बिट म्हणूनच चालते. माझा अंदाज असा की तुमच्या लॅपटॉपवरचे ऑफिस ३२ बिट आहे आणि दुकानातील नव्या संगणकावरचे ६४ बिट. अंदाज खरा आहे का ते तपासायला पाच मिनिटे लागतात. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा रकाना सुरू करा, दोन्ही संगणकांवर तुमची प्रक्रिया कोणती ते पाहा, आणि एक्सेलच्या ‘अबाउट’मध्ये ऑफिस कोणते ते पाहा.

उपाय कोणता करायचा हे फाइलच्या प्रकारावर ठरते. फाइल जुन्या एमडीबी प्रकारची असेल तर सॉफ्टवेअर सरळ एक्स८६ (म्हणजे ३२ बिट) म्हणून बांधा आणि जेट ४.० प्रोव्हायडर वापरा. तो विंडोजमध्येच असतो, वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि तो केवळ ३२ बिट असल्यामुळे संदिग्धता उरत नाही. फाइल एसीसीडीबी असेल आणि तिच्यात नव्या प्रकारची कोणतीही सोय वापरलेली नसेल, तर ती एमडीबीमध्ये रूपांतरित करून हाच मार्ग घेता येतो. ते शक्य नसेल तर नव्या संगणकावर ज्या बिटचे ऑफिस आहे त्याच बिटचे सॉफ्टवेअर बांधून द्या. दुसऱ्या बिटचा एसीई त्याच्यावर बसवण्याचा खटाटोप करू नका, त्याचा इन्स्टॉलर सहसा नकारच देतो. जेट जुना झाला आहे आणि त्यावर नवे काम उभारू नये हे मलाही मान्य आहे. तरीसुद्धा ऐन आवकेत दुकान चालू ठेवायचे असेल तर ज्ञात मर्यादांचे जुने साधन मला अधिक भरवशाचे वाटते. हंगामानंतर एसक्यूलाइट या लहान डेटाबेसकडे जा, पण तिथेही मूळ डीएलएल (त्याचा कोड असलेली फाइल) ३२ आणि ६४ बिट अशा दोन प्रकारची असते हे ध्यानात ठेवा. ती चुकली की ‘बॅड इमेज फॉरमॅट’ असा संदेश येतो, आणि त्याचा अर्थ फाइल खराब आहे असा नसून बिट जुळत नाही असा असतो.

तारखांचा दोष सर्वांत गंभीर आहे, कारण बाकीचे दोष काम थांबवतात आणि हा दोष काम चालू ठेवून हिशोब बिघडवतो. बिघडलेल्या पट्ट्यांची यादी काढली तर तुम्हाला एक गोष्ट दिसेल असे मी खात्रीने सांगतो: महिन्याच्या १३ तारखेपासून पुढची एकही पट्टी चुकलेली नसेल. ८ ऑक्टोबरची पट्टी १० ऑगस्टला गेली असेल, १२ ऑक्टोबरची पट्टी अजून न आलेल्या १० डिसेंबरला जाऊन बसली असेल, आणि १० ऑक्टोबरची पट्टी मात्र जागेवर असेल, कारण तिथे दिवस आणि महिना सारखेच आहेत.

याचे कारण असे. तुम्ही एसक्यूएलचे (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेचे) वाक्य मजकूर जोडून तयार करता आणि तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये ठेवता. ॲक्सेसचे इंजिन हॅशमधील तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी वाचते, संगणकाची मांडणी काहीही असो. पहिला आकडा १२ पेक्षा मोठा असला तर तो महिना असू शकत नाही हे ओळखून ते मुकाट्याने उलटे वाचते, आणि चूक झाली असे सांगतही नाही. तुमच्या लॅपटॉपवर विंडोजची मांडणी बहुधा अमेरिकी इंग्रजी आहे, त्यामुळे तारखेचा मजकूर आपोआप महिना आधी असा तयार होतो आणि योगायोगाने बरोबर बसतो. दुकानात भारतीय मांडणी आहे, तिथे दिवस आधी येतो. त्यामुळे कोड तोच राहूनही दुकानात तारीख उलटी साठते.

विंडोजची मांडणी बदलून हा दोष झाकता येतो आणि काही जण तसे करतातही, पण कृपया तसे करू नका. दुकानातला दुसरा कोणी ती मांडणी पुन्हा बदलेल, किंवा नव्या संगणकावर ती वेगळी असेल, आणि दोष परत येईल. तारीख पॅरामीटर म्हणूनच, म्हणजे वाक्यात न मिसळता वेगळे मूल्य म्हणून, द्या. इथे ओएलईडीबीच्या, म्हणजे प्रोव्हायडरशी बोलणाऱ्या भागाच्या, दोन खाचा आहेत. एक, त्यात पॅरामीटरची नावे पाहिली जात नाहीत, केवळ क्रम पाहिला जातो, म्हणून प्रश्नचिन्हांच्या क्रमानेच मूल्ये जोडा. दुसरी, ‘ॲड विथ व्हॅल्यू’ने चालू वेळ दिली तर ‘डेटा टाइप मिसमॅच’ असा संदेश येऊ शकतो. अशा वेळी पॅरामीटरचा प्रकार स्पष्टपणे ‘ओएलईडीबी टाइप डेट’ असा द्या. पॅरामीटर वापरल्यामुळे आणखी एक फायदा होतो: नावात किंवा गावाच्या नोंदीत अवतरणचिन्ह आले की वाक्य मोडते तो प्रकारही थांबतो.

साठलेल्या माहितीची दुरुस्ती घाईने करू नका. आधी फाइलची प्रत काढा आणि ती पेन ड्राइव्हवर दुकानाबाहेर ठेवा. मग नोंदी पट्टी क्रमांकाच्या क्रमाने लावून तारखेचा रकाना पाहा. पट्टी क्रमांक ओळीने वाढत गेला असेल तर तारीखही वाढत गेली पाहिजे, आणि जिथे ती मध्येच उडी मारते तिथे नोंद उलटी झाली आहे. दिवस १२ किंवा त्याहून कमी असलेल्या सर्व नोंदींचा दिवस-महिना सरसकट अदलाबदल करण्याचा मोह होईल, पण त्यांतील काही नोंदी तुम्ही स्वतः लॅपटॉपवरून भरलेल्या असतील किंवा मुनीमजींनी नंतर हाताने सुधारलेल्या असतील, आणि अदलाबदलीने त्या बरोबरच्या नोंदी बिघडतील. म्हणून शेजारच्या क्रमांकांशी ताडून ज्या नोंदी निश्चित उलट्या आहेत तेवढ्याच बदला.

आता अहवालाचा प्रश्न घेतो, कारण तो याच्याशी जोडलेला आहे असा मला दाट संशय आहे. अहवालाची पहिली आणि शेवटची तारीखही तुम्ही मजकूर जोडूनच देत असाल, तर नोव्हेंबरचा अहवाल मागितल्यावर ‘०१-११’ ही तारीख ११ जानेवारी म्हणून वाचली जाते आणि ‘३०-११’ ही मात्र ३० नोव्हेंबर म्हणूनच वाचली जाते. म्हणजे एका महिन्याचा अहवाल मागितला की सॉफ्टवेअर सुरू झाल्यापासूनची जवळजवळ प्रत्येक पट्टी गोळा होते. मुनीमजी अहवाल पूर्ण होण्याआधीच खिडकी बंद करतात, त्यामुळे त्याची बेरीजही चुकीची आहे हे अजून कोणाच्या लक्षात आले नसावे. तुमच्या लॅपटॉपवर चाचणीच्या चार डझन नोंदी असल्यामुळे तिथे हा अहवाल क्षणात येतो.

हे दुरुस्त केल्यावरही अहवाल सावकाश येत असेल तर वेळ नेमका कुठे जातो ते ‘स्टॉपवॉच’ लावून मोजा. खिडकी पांढरी पडली की लगेच कोड वेगळ्या धाग्यावर टाकावा असे सगळे सांगतात, आणि तो सल्ला चुकीचा नाही. पडद्याच्या धाग्याने सुमारे ५ सेकंद संदेश उचलले नाहीत तर विंडोज त्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहिते, ती बिघडलेली असो वा नसो. परंतु मी पाहिलेल्या दहांपैकी सात-आठ प्रकरणांत खरे दुखणे वेगळे होते: प्रत्येक शेतकऱ्यासाठी आवर्तनात (लूपमध्ये) डेटाबेसला एक वेगळी क्वेरी, म्हणजे विचारणा, जात होती. ५०० शेतकऱ्यांसाठी ५०० फेऱ्या मारण्याऐवजी तक्ते जोडणाऱ्या (जॉइन) एकाच क्वेरीने सगळी माहिती आणा, आणि तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावा. एवढ्याने काम भागले तर धाग्यांच्या वाटेला जाऊच नका.

जायचेच असेल तर ‘असिंक’ आणि ‘अवेट’ (पडदा मोकळा ठेवून काम करण्याची सोय) वापरा, मात्र दोन गोष्टी पाळा. अशा कामाच्या शेवटी ‘रिझल्ट’ मागून वाट पाहू नका, विनफॉर्म्समध्ये त्याने दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकतात. आणि ग्रिडला (पडद्यावरील तक्त्याला) जोडलेल्या डेटाटेबलमध्ये दुसऱ्या धाग्यावरून बदल करू नका. ग्रिडच्या जागी पांढऱ्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठी लाल फुली कधी दिसली तर समजा की ग्रिड रंगवला जात असताना आत एक्सेप्शन आले आहे, आणि त्याचे कारण बहुधा हेच असते.

सायंकाळी बंद पडण्याचा दोष मला जवळचा आहे. काही वर्षांपूर्वी हिंगोलीकडे हळदीच्या हंगामात माझे सॉफ्टवेअर एका आडत दुकानात असेच बंद पडत असे. मालकांनी मला सांगितले की ते रोज सहाच्या सुमारास बंद पडते, म्हणून मी विजेचा दाब, यूपीएस, अँटिव्हायरसची वेळ, असे सगळे सहाशी जोडून पाहत बसलो. मग एका दिवशी मोठी आवक होती आणि ते दुपारी दोनलाच पडले. त्या दिवशी मी दुकानात होतो. मी पट्ट्यांचा गठ्ठा मोजला, आणि आदल्या दिवशीचाही मोजला. दोन्ही गठ्ठे जवळजवळ सारखेच, साधारण २४० पट्ट्यांचे होते.

टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये मी ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ हा रकाना सुरू केला आणि मुनीमजींना एक एक पट्टी करायला सांगितले. प्रत्येक पट्टीनंतर आकडा ४० ते ४२ ने वाढत होता आणि पट्टीची खिडकी मिटल्यावर खाली येत नव्हता. विंडोज एका प्रक्रियेला अशा १०,००० वस्तू देते, आणि पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक खूणचिठ्ठी (लेबल), प्रत्येक मजकुराची पेटी ही अशी एक वस्तू असते. माझ्या पट्टीच्या पडद्यावर चाळीसेक घटक होते. चाळीसने १०,००० ला भागले की २५० येतात, आणि मुख्य खिडकीचे घटक वजा केले की गठ्ठ्याचा हिशोब बरोबर जुळतो. दोष असा होता की पट्टी छापल्यावर मी खिडकी ‘क्लोज’ न करता ‘हाइड’ करत होतो आणि पुढच्या पट्टीला नवीनच खिडकी तयार करत होतो. शिवाय प्रत्येक खिडकीने इलेक्ट्रॉनिक काट्याच्या वजनाच्या घटनेला आपले नाव जोडलेले होते, आणि ते कधीच काढलेले नव्हते. काटा दिवसभर चालू राहणारी वस्तू असल्यामुळे त्याच्या यादीतील एकही खिडकी स्मृतीतून मोकळी होत नव्हती.

तुमचा संदेश आणि सायंकाळची वेळ पाहता तुमच्याकडेही हेच असावे. उन्हाळ्यात दिवसाला २०-२५ पट्ट्या होत असतील, सॉफ्टवेअर रोज रात्री बंद होत असेल, त्यामुळे ही मर्यादा कधी गाठलीच गेली नाही. हाच रकाना लावून पाहा, आणि शेजारी ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चाही लावा, त्याचीही मर्यादा प्रक्रियेमागे १०,००० च आहे. पट्टीची खिडकी ‘शोडायलॉग’ने उघडत असाल तर ती ‘यूजिंग’मध्ये गुंडाळा, कारण अशी खिडकी मिटल्यावर आपोआप ‘डिस्पोज’ होत नाही, म्हणजे तिने घेतलेल्या वस्तू मोकळ्या होत नाहीत. काट्याला किंवा इतर कोणत्याही दीर्घकाळ जगणाऱ्या वस्तूला जोडलेल्या घटना ‘फॉर्म क्लोज्ड’मध्ये सोडवा. दुरुस्ती होईपर्यंत मुनीमजींना दुपारच्या जेवणाच्या वेळी सॉफ्टवेअर एकदा बंद करून पुन्हा उघडायला सांगा, आणि हे का करायचे ते त्यांना समजावूनही सांगा. कारण कळले की माणूस ते विसरत नाही.

तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. पहिली, रकमांसाठी ‘डबल’ (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरलेला असेल तर तो बदलून ‘डेसिमल’ करा, आणि पूर्णांक करताना पद्धत स्पष्ट लिहा. डॉट नेटचे ‘मॅथ राउंड’ काही न सांगता वापरले तर १२.५० चे १२ होतात आणि १३.५० चे १४ होतात, कारण ते अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. हमाली आणि तोलाई वजा करताना मुनीमजींच्या तोंडी हिशोबात १२.५० चे १३ होतात. एका रुपयाचा फरक शेतकऱ्यासमोर आला की विश्वास जातो. ‘अवे फ्रॉम झिरो’ हा पर्याय द्या, म्हणजे दोन्ही हिशोब जुळतील.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि ॲक्सेसची फाइल लिहिली जात असताना संगणक बंद झाला तर ती फाइल बिघडू शकते. यूपीएस हवाच, परंतु पट्टीचा मथळा आणि तिच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे साठेल नाहीतर काहीच साठणार नाही अशा व्यवहारात) साठवा, म्हणजे अर्धी पट्टी साठण्याचा प्रकार होणार नाही. रोज सॉफ्टवेअर बंद होताना फाइलची तारीखवार प्रत निघू द्या. दोन्ही संगणक एकच फाइल वायफायवरून वापरणार असतील तर हा धोका कितीतरी वाढतो. तसा बेत असेल तर निदान तारेची जोडणी करा, आणि हंगामानंतर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेससारख्या सर्व्हरकडे जा. अशा सामाईक वापरासाठी एसक्यूलाइटही योग्य नाही.

जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल तर डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वरच थांबा. ते सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ वर चालते आणि विंडोज ११ मध्ये आधीपासून असते, त्यामुळे दोन्ही संगणक एकाच बांधणीत सांभाळता येतील. डॉट नेट ८ विंडोज ७ वर चालत नाही. डॉट मॅट्रिक्सवर मराठी नावे छापताना अडचण आली तर एवढे पाहा: चौकोन दिसत असतील तर फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत, प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मजकूर वाटेत कुठेतरी युनिकोडमधून उतरवला गेला आहे, आणि कागदावर भलतीच चिन्हे येत असतील तर तुम्ही प्रिंटरला सरळ मजकूर पाठवत आहात. त्याला देवनागरी कळत नाही, त्याच्याकडे चित्र म्हणूनच पाठवावे लागते.

दुकानात जाल तेव्हा कामाचा क्रम असा ठेवा. आधी फाइलची प्रत, मग नोंद ठेवणारी आवृत्ती जुन्या संगणकावर, आणि त्याच भेटीत तारखेचे पॅरामीटर. तारखेची दुरुस्ती एक दिवसही लांबवू नका, कारण रोज नव्या पट्ट्या उलट्या साठत आहेत आणि दुरुस्तीचे काम वाढत आहे. खिडक्यांची दुरुस्ती दुसऱ्या भेटीत केली तरी चालेल, तोवर दुपारचा उपाय पुरेसा आहे. नव्या संगणकाचे काम सर्वांत शेवटी घ्या, त्याच्याविना दुकान चालू आहे. पहिल्या भेटीनंतर एका भेटीत एकच बदल द्या, आणि प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्या, म्हणजे काही बिघडले तर कशाने बिघडले हे शोधत बसावे लागणार नाही.

आणि पट्टी क्रमांकाने ताडून पाहिल्यावरही ज्या थोड्या नोंदींचा उलगडा होणार नाही, त्यांसाठी मुनीमजींकडे पट्ट्यांच्या कार्बन प्रती असतील. त्या प्रती तुम्ही आणि मुनीमजी समोरासमोर बसून पाहा. त्या प्रतीवर सॉफ्टवेअरने छापलेली तारीख पाहू नका, कारण ती फाइलमधूनच आली असेल तर तीही उलटी असेल. काट्याच्या चिठ्ठीवरची तारीख पाहा.